रात्रीची लेन्स : मुलांसाठी घ्यावी की नाही?

रात्री झोपताना डोळ्यांत लेन्स घालायची, सकाळी उठल्यावर काढायची, आणि मग दिवसभर चष्मा नाही, लेन्स नाही, तरी फळ्यावरचे अक्षर स्वच्छ! असे खरेच काही असते का, की ही जाहिरातवाल्यांची जादू, असा प्रश्न गेल्या वर्षभरात इंग्लंडातल्या आपल्या चार-पाच घरांतून आम्हाला विचारला गेला. विचारणाऱ्या बहुतेक आया आणि मुले आठ ते चौदा वर्षांची. असे असते, आणि त्यात जादू काही नाही. या पद्धतीला ऑर्थोकेरॅटॉलॉजी, थोडक्यात ऑर्थो-के, म्हणतात. आमच्या घरातही हा प्रश्न दोन मुलांसाठी दोनदा उभा राहिला आणि दोन्ही वेळा आम्ही वेगवेगळे उत्तर दिले. ते का, हे समजण्यासाठी आधी डोळ्याकडे वळावे लागेल.

लांबचे धूसर दिसणे, आपण ज्याला ‘मायनस नंबर’ म्हणतो, त्याला हिब्रूत ‘कोत्सेर रेईया’ असे नाव आहे. शब्दशः दृष्टीचा आखूडपणा. गंमत अशी की दृष्टी आखूड असली तरी डोळा मात्र लांब झालेला असतो. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर असतो. वाढीच्या वयात तो गरजेपेक्षा जास्त लांबला, की बाहेरून येणारा प्रकाश मागच्या पडद्यापर्यंत पोचण्याआधीच एकत्र येतो आणि पडद्यावर पुसट चित्र उमटते. एक मिलिमीटर लांबी वाढली की नंबर ढोबळमानाने अडीचने वाढतो. प्रकाश वळवण्याचे निम्म्याहून अधिक काम डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच करते. बोलताना आपण तिलाही बुबुळच म्हणतो. पुस्तकात तिला पारपटल म्हणतात. हिब्रूत ते ‘कर्नीत’, ‘केरेन’ म्हणजे शिंग यावरून. आणि इंग्रजीतला ‘कॉर्निया’ हाही लॅटिनमधल्या शिंगावरूनच आलेला. लेन्सला हिब्रूत ‘अदाशा’ म्हणतात, म्हणजे मसूर. याकोबाने एसावाला जी मसुरीची आमटी वाढली तीच ही मसूर. लेन्स बोटावर ठेवून पाहिली की नाव पटते.

आपल्या आजोबांच्या पिढीत, कोकणातल्या गावी, चष्मा म्हणजे चाळिशी. तो सिद्दूर आणि वर्तमानपत्र वाचायला लागे, आणि लहान मुलाच्या नाकावर चष्मा दिसला तर शेजारीपाजारी हळहळत. आज इथल्या शाळेच्या फोटोत पाहा. लंडन, बर्मिंगहॅम आणि लेस्टर येथील १०-११ वर्षांच्या मुलांची एक मोठी पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात गोऱ्या युरोपीय मुलांपैकी साडेतीन टक्क्यांहूनही कमी मुलांना मायनस नंबर होता. दक्षिण आशियाई वंशाच्या मुलांत हे प्रमाण सुमारे २५ टक्के, म्हणजे चारात एक. उत्तर आयर्लंडमधल्या मुलांच्या अभ्यासात (२०१६) असे दिसले की ब्रिटनमधले मायनस नंबरचे प्रमाण गेल्या ५० वर्षांत दुपटीहून जास्त झाले आहे, आणि आईवडिलांपैकी एकाला असा नंबर असेल तर मुलाला तो असण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट, दोघांनाही असेल तर सातपटीहून अधिक. आमच्या घरी दोघांनाही आहे.

पण सारा दोष रक्ताला देता येत नाही, आणि याचा सर्वांत बोलका पुरावा यरुशलेममधून आला आहे. १९९३ साली तेथील संशोधकांनी १४ ते १८ वयाच्या ८७० ज्यू मुलामुलींचे डोळे तपासले. साध्या शाळांतल्या मुलांत आणि मुलींत मायनस नंबर असलेले तीस टक्क्यांच्या आसपास. कर्मठ घरांतल्या मुलींत ३६ टक्के. पण येशिवात शिकणाऱ्या मुलांत तब्बल ८१ टक्के. त्याच प्रकारच्या घरांतले भाऊ आणि बहिणी, तरी एवढा फरक. फरक होता तो पुस्तकापुढे बसण्याच्या तासांचा: लहानपणापासून दिवसभर गेमाराचे बारीक टाईप, डोळ्यांजवळ धरलेले पान, डोलत डोलत वाचणे. म्हणजे आपल्या मुलांवर दोन्ही बाजूंनी ओझे आहे. वंशाने दक्षिण आशियाई आणि परंपरेने पुस्तकवेडे! शिवाय आता हातात फोन.

नंबर वाढला तर वाढला, जाड काचेचा चष्मा लावू, असे पूर्वी म्हणत. पण काच पातळ करता येते, लांबलेला डोळा आखूड करता येत नाही. डोळा ताणला जातो तेव्हा मागचा पडदाही ताणला जातो. उणे ६ आणि त्यापुढच्या नंबरात पुढे पन्नाशी-साठीत पडदा सुटणे, पडद्याच्या मध्यबिंदूची झीज, काचबिंदू हे धोके वाढतात. मार्क बुलिमोर आणि नोएल ब्रेनन यांनी २०१९ मध्ये मांडलेला हिशेब असा की नंबर एकाने जरी कमी राखता आला, तरी मध्यबिंदूच्या या झिजेचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो. म्हणून हल्ली डॉक्टर नुसता चष्मा देऊन थांबत नाहीत, नंबर वाढण्याचा वेग कसा आवरता येईल हे बोलतात. रात्रीच्या लेन्सचा विचार करायचा तो या कारणासाठी. ‘मुलगी चष्म्याशिवाय छान दिसेल’ हे कारणही आम्ही ऐकले. त्यावर आमचे मत एवढेच की चष्म्यातही ती छानच दिसते.

आता ही लेन्स काम कसे करते ते पाहू. ती मऊ नसते. ताठ प्लॅस्टिकची असते, पण त्यातून प्राणवायू भरपूर आरपार जातो, कारण मिटलेल्या पापणीखाली पारपटलाला तो एरवीच कमी मिळतो. रुंदी दहा-अकरा मिलिमीटर, म्हणजे मऊ लेन्सपेक्षा लहान. तिची आतली बाजू मध्यभागी पारपटलापेक्षा सपाट असते आणि त्याभोवती एक खोलगट कडे असते. लेन्स आणि डोळा यांच्यामध्ये अश्रूंचा पातळ थर राहतो. त्या थराचा दाब मध्यभागी जास्त पडतो आणि कड्याखाली उलट ओढ बसते. भाकरी थापताना मधले पीठ जसे हळूहळू कडेकडे जाते, साधारण तसे पारपटलाच्या अगदी वरच्या थराचे होते: मध्यभाग पातळ, भोवतीचा भाग किंचित जाड. हा वरचा थर मुळात सुमारे ५० मायक्रॉनांचा, आणि त्यात पडणारा फरक फार तर वीसेक मायक्रॉनांचा; डोक्याच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. एवढ्याशा सपाटीने प्रकाश पडद्यावर नेमका पडू लागतो. पहिल्याच सकाळी फरक जाणवतो, पूर्ण परिणामाला आठ-दहा दिवस लागतात. दोन-तीन रात्री लेन्स घातली नाही तर पारपटल आपल्या मूळ आकाराकडे परतू लागते आणि काही आठवड्यांत पहिल्यासारखे होते. म्हणजे यात कायमचे काही घडत नाही, ना चांगले ना वाईट. लेझरमध्ये पारपटलाचा भाग कायमचा काढून टाकतात, आणि ते लहान मुलांना करतच नाहीत.

ही कल्पना काही कालची नाही. १९६२ साली शिकागोच्या जॉर्ज जेसन यांनी ताठ लेन्सने नंबर उतरवण्याचा प्रयोग मांडला होता. पण तेव्हाच्या लेन्स दिवसा घालायच्या, प्राणवायू न जाऊ देणाऱ्या, आणि परिणामाचा भरवसा नसलेल्या. उलट घडणीच्या लेन्स आणि नवे प्लॅस्टिक आल्यावर गाडी रुळावर आली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये रात्री घालायच्या अशा लेन्सना परवानगी दिली, उणे ६ पर्यंतच्या नंबरासाठी. प्रत्यक्षात उणे ४ किंवा ५ च्या आत आणि सिलिंडर नंबर थोडा असलेल्यांना ती चांगली बसते. त्यापुढे अंधारात दिव्यांभोवती वलये दिसण्याची तक्रार वाढते, कारण रात्री बाहुली मोठी होते आणि सपाट केलेल्या भागाबाहेरचा प्रकाशही आत शिरतो. गाडी चालवणाऱ्या मोठ्या माणसांनी हे ध्यानात घ्यावे. इथला कायदा दिवसाच्या उजेडात २० मीटरवरून समोरच्या गाडीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे असे म्हणतो. काल रात्री लेन्स घालायची राहिली, ही सबब त्याला चालत नाही.

एक गैरसमज मात्र मुळातून काढला पाहिजे. सकाळी चष्म्याशिवाय दिसले म्हणजे नंबर ‘गेला’ असे नव्हे. पुढची काच सपाट झाली, मागे डोळा तेवढाच लांब आहे. उणे ४ असलेल्या मुलाच्या पडद्याला जे धोके, तेच या मुलाच्याही. तपासणी चालूच ठेवायची.

मग वेग खरेच मंदावतो का? हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात पॉलीन चो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६ ते १० वर्षांच्या मुलांवर दोन वर्षांचा प्रयोग केला. कोणाला चष्मा आणि कोणाला रात्रीची लेन्स हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले होते. २०१२ मध्ये निकाल आला: चष्मा लावणाऱ्यांचा डोळा दोन वर्षांत ०.६३ मिलिमीटरने लांबला, लेन्स घालणाऱ्यांचा ०.३६ ने. त्याच वर्षी माद्रिदमधल्या युरोपीय मुलांचे आकडे आले: ०.६९ आणि ०.४७. पहिल्या प्रयोगाची जाहिरात ‘४३ टक्के कमी’ अशी करतात, आणि ते खोटे नाही. पण आम्हाला टक्क्यांपेक्षा मिलिमीटर पाहायची सवय लागली. ०.२७ मिलिमीटर म्हणजे दोन वर्षांत सुमारे पाऊण नंबर कमी वाढला. हे थोडे नव्हे. पण चमत्कारही नव्हे. काही मुलांचा डोळा लेन्स घालूनही वेगाने वाढतो, ही गोष्ट दुकानातल्या रंगीत पत्रकात बारीक अक्षरांतही नसते.

शिवाय आता हा एकच मार्ग उरलेला नाही. दिवसा घालून रात्री फेकून द्यायच्या, खास घडणीच्या मऊ लेन्स आहेत. ‘मायसाईट’ या लेन्सच्या तीन वर्षांच्या चाचणीत (२०१९) नंबर वाढण्याचा वेग ५९ टक्क्यांनी कमी दिसला, आणि त्या चाचणीचे एक केंद्र बर्मिंगहॅमचे ॲस्टन विद्यापीठ होते. खास काचांचे चष्मे आहेत, ज्यांच्या काचेत मध्यभाग सोडून शेकडो बारीक ठिपक्यांएवढी भिंगे बसवलेली असतात; होया कंपनीच्या ‘मायोस्मार्ट’ काचेच्या हाँगकाँगमधल्या दोन वर्षांच्या चाचणीत (२०२०) वेग निम्म्याहून कमी झाला. ॲट्रोपिनचे अगदी सौम्य थेंबही आहेत. या साऱ्या चाचण्या वेगवेगळ्या मुलांवर झालेल्या, त्यामुळे एकीचे टक्के दुसरीशेजारी ठेवून विजेता ठरवता येत नाही. पण एवढे नक्की कळते की वेग आवरण्यासाठी रात्रीची लेन्स घेतलीच पाहिजे असे नाही. नुसत्या चष्म्यानेही त्या पंक्तीत बसता येते. आणि चष्म्याने डोळ्याला जंतुसंसर्ग होत नाही.

खरा तराजू इथेच आहे. पारपटलावर रात्रभर लेन्स ठेवणे म्हणजे त्याच्यावर थोडा ताण ठेवणे. त्यात हात अस्वच्छ असेल, डबी मळकी असेल किंवा पाण्याचा थेंब असेल तर जंतू वरच्या थरातून आत शिरतात, जखम होते, आणि ती भरली तरी पारदर्शक काचेवर पांढरा डाग राहू शकतो. तो डाग मध्यावर पडला तर दृष्टी गेली. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज असा: रात्रीची लेन्स घालणाऱ्या १०,००० जणांत वर्षाला सुमारे आठांना असा संसर्ग, मुलांपुरते पाहिले तर सुमारे चौदांना. दिवसा घालून फेकायच्या मऊ लेन्समध्ये हे प्रमाण ऑस्ट्रेलियातल्या पाहणीनुसार १०,००० मागे दोनच्या आसपास. चौदा हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण मूल आठव्या वर्षी सुरुवात करून सोळाव्यापर्यंत लेन्स घालणार, म्हणजे आठ वर्षे; तेव्हा हिशेब ढोबळमानाने नव्वदात एक एवढा होतो. प्रत्येक संसर्गाने दृष्टी जाते असे नाही, वेळीच औषध मिळाले तर बहुतेक बरे होतात. तरी आईबापांनी ‘दहा हजारांत चौदा’ न वाचता ‘नव्वदात एक’ असे वाचून मग सही करावी, असे आम्हाला वाटते.

या संसर्गांत सर्वांत वाईट तो अकँथामीबाचा. हा सूक्ष्म जीव नळाच्या पाण्यात, पोहण्याच्या तलावात, मातीत असतो आणि पोटात गेला तर काही करत नाही. लेन्सखाली सापडला तर महिनोन्महिने थेंब घालावे लागतात, सुरुवातीला रात्रंदिवस तासातासाला, आणि काहींना शेवटी पारपटल बदलण्याची शस्त्रक्रिया. ऑर्थो-केच्या जगभर नोंदल्या गेलेल्या पहिल्या ५० संसर्गांचा आढावा २००५ मध्ये घेतला गेला: बहुतेक पूर्व आशियातली ९ ते १५ वर्षांची मुले, आणि जवळजवळ तिसऱ्या हिश्शात हा अकँथामीबा. लेन्स नळाच्या पाण्याने धुणे हे त्यातले मोठे कारण. ब्रिटनमध्ये याची जास्तच काळजी घ्यायला हवी, कारण इथल्या जुन्या घरांत माळ्यावर पाण्याची टाकी असते आणि न्हाणीघरातल्या नळाला बहुधा तेच साठलेले पाणी येते. लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालयाच्या नोंदींवरून २०१८ मध्ये दिसले की आग्नेय इंग्लंडात २०११ पासून अशा रुग्णांची संख्या जवळजवळ तिप्पट झाली. एकूण लेन्स घालणाऱ्यांच्या मानाने आकडा अजूनही फार लहान आहे, लाखात दोन-तीन. पण तो पाणी टाळून आणखी लहान करता येतो.

म्हणून नियम एकच आणि तो घरातल्या प्रत्येकाने पाठ करावा: लेन्सला आणि डबीला कुठलेही पाणी लावायचे नाही. नळाचे नाही, उकळलेले नाही, बाटलीतले नाही, भारतात गेल्यावर फिल्टरचे नाही. आजीचे गुलाबपाणीही नाही. तिला वाईट वाटले तरी चालेल. हात साबणाने धुवायचे, पण मग ते पूर्ण कोरडे करायचे, आणि तेही कागदी रुमालाने, कारण सगळ्यांनी वापरलेल्या टॉवेलवर विश्वास ठेवता येत नाही. आम्ही तर हे काम न्हाणीघरातून काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणले: एक आरसा, एक पांढरा रुमाल, औषधी द्रावणाची बाटली. पेरॉक्साईडचे द्रावण असेल तर ते निष्प्रभ व्हायला डबीत कित्येक तास जावे लागतात. त्यातून लेन्स लवकर काढून डोळ्यात घातली तर डोळा असा झोंबतो की मूल पुन्हा लेन्सचे नाव काढत नाही. डबी रोज रिकामी करून पालथी वाळवायची आणि वेळेवर बदलायची. सकाळी लेन्स डोळ्याला चिकटलेली वाटली तर ओढायची नाही. थेंब घालून, पापण्या मिटून-उघडून, ती हलू लागली की मगच काढायची. सर्दी, ताप, डोळा लाल, अशा रात्री लेन्सला सुट्टी.

डोळा दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा दृष्टी धूसर झाली, तर लेन्स काढून ठेवून त्याच दिवशी दाखवावे. उद्या नाही. लेन्स आणि डबी फेकू नये, बरोबर न्यावी. जंतू कोणता हे त्यावरून कळू शकते. लंडनकरांसाठी सिटी रोडवरील मूरफिल्ड्सचा तातडीचा विभाग चोवीस तास उघडा असतो.

ब्रिटनमध्ये १६ वर्षांखालील मुलांची डोळे तपासणी एनएचएसवर मोफत आहे, तेव्हा नंबर आहे का हे पाहायला एक पैसाही लागत नाही, आणि ज्या घरांत आईबापांना नंबर आहे त्यांनी मूल तक्रार करेपर्यंत थांबू नये. रात्रीची लेन्स मात्र खासगी खर्चाने घ्यावी लागते. बहुतेक ठिकाणी महिन्याचा हप्ता असतो आणि जाहिरातींत ५० पौंडांच्या आसपासचे आकडे दिसतात, वर्षाला सहाशे. त्यात लेन्स, द्रावण आणि तपासण्या धरल्या आहेत का, हरवलेल्या लेन्सचे काय, हे आधीच लिहून घ्यावे. लेन्स बसवण्याचे काम कायद्याने फक्त नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच करता येते आणि ती नोंदणी जनरल ऑप्टिकल कौन्सिलच्या यादीत कोणालाही पाहता येते. पारपटलाचा नकाशा काढणारे यंत्र त्यांच्याकडे आहे का, आणि डोळ्याची लांबी मोजतात का, हे दोन प्रश्न आम्ही सर्वांना विचारायला सांगतो. लांबी न मोजता वेग आवरतोय की नाही हे कळणार कसे? सकाळी दिसते छानच!

आपल्यातल्या एका कुटुंबाने विचारले की सुट्टीत मुंबई-पुण्याला जाऊन स्वस्तात लेन्स करून आणल्या तर? तिथे या लेन्स मिळतात आणि बसवणारे जाणकारही आहेत. अडचण पुढची आहे. पहिल्या रात्रीनंतर दुसऱ्या सकाळी, मग आठवड्याने, महिन्याने आणि पुढे दर काही महिन्यांनी तपासणी लागते. लेन्स किंचित वर किंवा बाजूला बसली तर सपाटीही तिरकी पडते आणि दुहेरी दिसते. दुसऱ्याने बसवलेल्या लेन्सची जबाबदारी इथला ऑप्टोमेट्रिस्ट सहजी घेत नाही. पैसे वाचवायचे तर खास काचेचा चष्मा हा त्याहून शहाणा मार्ग.

आता आमच्या घरातली दोन उत्तरे. थोरला तेरा वर्षांचा, नंबर उणे ३, आठवड्यातून चार वेळा पोहायला जाणारा. त्याला दिवसा लेन्स घालून तलावात उतरू देणे आम्हाला मान्य नव्हते आणि चष्मा लावून पोहता येत नाही. स्वतःचे हात स्वतः धुणारा, झोपेच्या वेळा पक्क्या, रात्री आठ तास झोपणारा. त्याला आम्ही रात्रीची लेन्स दिली. आता दोन वर्षे होत आली. मध्यंतरी एकदा डावा डोळा लाल झाला. त्याच दुपारी दाखवले, वरवरचा ओरखडा निघाला, पाच रात्री लेन्स बंद ठेवली आणि सुटलो. त्या पाच दिवसांत तो घरात चिडचिडा होऊन फिरत होता, तेवढेच.

धाकटी नऊ वर्षांची, नंबर उणे १.७५. तिच्यासाठी खरे तर कारण अधिक मोठे, कारण जितके लहान वय तितका पुढे वाढण्याला वाव. पण मे-जूनमध्ये गवताच्या परागांनी तिचे डोळे खाजतात आणि ती ते चोळते. लेन्स घालायला रोज आमच्यापैकी कोणीतरी लागले असते, आणि आमच्यापैकी एक जण रुग्णालयात रात्रपाळी करतो. ज्या घरात रात्री नऊ वाजता शांतपणे हात धुऊन पंधरा मिनिटे बसणारे मोठे माणूस रोज मिळेलच असे नाही, त्या घरात ही लेन्स आणू नये. आम्ही तिला बारीक भिंगांच्या काचांचा चष्मा दिला, आणि त्याच्या जोडीला बाहेर खेळणे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळेने पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जास्त उघड्यावर काढले. तीन वर्षांत मायनस नंबर लागलेली मुले इतर शाळांत ३९.५ टक्के, तर या शाळांत ३०.४ टक्के निघाली. फुकटचा उपाय आहे, पण इथल्या डिसेंबरात शाळा सुटते तेव्हा अंधार पडलेला असतो. म्हणून शनिवारी प्रार्थनेहून परतताना आम्ही बस सोडून पायी येतो, जे तसेही करायलाच हवे.

सुरुवात करण्याआधी थांबायचे कधी, हेही विचारून घ्यावे. हाँगकाँगमधल्याच गटाने २०१७ मध्ये दाखवले की चौदा वर्षांच्या आत लेन्स सोडून साधा चष्मा लावला तर डोळा पुन्हा वेगाने लांबू लागतो. लेन्स परत सुरू केली की तो वेग उतरतो. म्हणजे दहाव्या वर्षी घेऊन बाराव्या वर्षी कंटाळून सोडण्याचा हा विषय नाही. घेतली तर किशोरवय सरेपर्यंत नेटाने, आणि सोडायची झाली तर दुसरा कोणता उपाय जोडीला हे ठरवून.

शब्बाथचा प्रश्न आम्हाला दोघांनी विचारला. मऊ लेन्स द्रावण शोषून घेते, त्यामुळे तिच्या धुण्यात कापड धुण्याच्या निषिद्ध कामाचा प्रश्न धर्मशास्त्री उपस्थित करतात. ताठ लेन्स शोषत नाही, म्हणून तेथे तो प्रश्न तेवढा टोकदार नाही. पण कोणते द्रावण, चोळायचे की नुसते बुडवायचे, हे सारे बाटल्या समोर ठेवून आपल्या रब्बींना विचारावे. कोणी शुक्रवारची रात्र वगळायची ठरवली तर बहुतेकांना शनिवारी दिवसभर थोडे धूसर दिसेल, एवढीच अडचण. तेही आपल्या ऑप्टोमेट्रिस्टला सांगून करावे. लाल, दुखऱ्या डोळ्याबाबत मात्र थांबायचे कारणच नाही. तालमूदात, अवोदा झारा या ग्रंथात, बंड केलेल्या डोळ्याला शब्बाथला औषध लावण्याची मोकळीक दिली आहे, कारण डोळ्याचा संबंध थेट हृदयाशी आहे असे त्या काळी मानत. तेव्हा शब्बाथ मावळण्याची वाट पाहत कोणी बसू नये. फोन उचलावा.

प्रवासाचे एक राहिले. सुट्टीत इस्राएलला किंवा अलिबागला निघालात तर द्रावणाची मोठी बाटली सामानात, छोटी हातात, आणि जास्तीची जोडी असेल तर वेगळ्या बॅगेत. लेन्स हरवली तर जुना चष्मा पहिल्या दिवशी कामाचा नाही, कारण पारपटल अजून सपाट असते आणि त्यावर जुना पूर्ण नंबर फार जड होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो जवळपास जुळू लागतो. आम्ही थोरल्यासाठी निम्म्या नंबराचा एक स्वस्त चष्मा करून ठेवला आहे. तो मागच्या उन्हाळ्यात हाइफाला दोन दिवस उपयोगी पडला.